वन्संचं मनोरंजन

लोकांच्या नणंदा विशी-पंचविशीत बदनाम होतात. आमच्या वन्संनी त्रेपन्नावं वर्ष गाठलं. उशीर झाला खरा, पण एकदा मनावर घेतल्यावर कामात कसर ठेवली नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बंदराच्या धक्क्यासमोर आमचं ताडपत्र्यांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. होड्यांची आच्छादनं, मालावर घालायच्या ताडपत्र्या, तंबू, सगळं आम्ही शिवायचो. म्हणजे पाटी ह्यांच्या नावाची आणि शिवण वन्संच्या हातची. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून त्या जाड कापडातून दाभण असं आरपार घालत की बघणाऱ्याने आपली बोटं मोजून घ्यावीत. तरुणपणी त्यांना दोन स्थळं आली होती म्हणे. पहिल्याला त्यांनी विचारलं, "तुमच्या कोटाचा खिसा उसवलाय, देऊ का शिवून?" तो दाभण बघूनच उठला. दुसऱ्याला काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. तोही उठला. त्यानंतर कुणी आलं नाही आणि वन्संना त्याचं वाईट वाटल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. माझ्या नवऱ्याला त्या 'बाळ' म्हणत. बाळाला तेव्हा पन्नाशी लागली होती आणि टक्कल त्याच्याही आधी लागलं होतं.

लढाई सुरू झाली आणि आमच्या बंदरात सुरुंग काढणारी जहाजं येऊन राहिली. छोटी, कळकट जहाजं. समुद्रात शत्रूने पेरलेले सुरुंग शोधायचे आणि आपल्या बुडाखाली फुटायच्या आत ते निकामी करायचे, असला तो धंदा. ह्या जहाजांवरची माणसं आठवडेच्या आठवडे धड झोपत नसत. मग दोन-तीन दिवसांची सुट्टी मिळाली की ती गावात घुसत आणि गाव दारं लावून घेई. एकजण तर न्यायाधीशांच्या दिवाणखान्यात, त्यांच्याच खुर्चीत, त्यांचीच टोपी डोक्यावर घेऊन घोरताना सापडला. दार उघडं दिसलं, बिचारा आत शिरला. न्यायाधीशांचा राग टोपीवरून नव्हता. आपल्यापेक्षा तिच्यात तो जास्त रुबाबदार दिसतो असं बायको म्हणाली, त्यावरून होता.

तेव्हा बंदरप्रमुखांच्या बायकोने ठरवलं की नौसैनिकांसाठी विश्रांतिगृह काढायचं. ह्या बाईंना सगळं गाव 'भोंगा' म्हणायचं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं की नवी माणसं हल्ल्याचा इशारा समजून तळघराकडे पळत. पण बाई कामाच्या. बंद पडलेला साबणाचा कारखाना त्यांनी ताब्यात घेतला. गोदामात पलंग टाकले, कचेरीत वाचनालय केलं, माल भरायच्या दालनात नाचाची सोय आणि ग्रामोफोन. साबण उकळायच्या लोखंडी कढया होत्या, माणसाच्या छातीइतक्या खोल. त्या घासूनपुसून त्यांत अंघोळीची सोय केली. एकेका कढईत चारचार खलाशी गळ्याइतक्या पाण्यात बसलेले, फक्त डोकी वर. बघितलं की वाटायचं, आता कुणीतरी मीठ घेऊन येईल.

बाईंना शिस्त हवी होती. दारावरच पाटी: आत मद्य आणू नये. आत भांडू नये. आणि तिसरं, हे नौदलाच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, की आत कुणाही नौसैनिकाने कसलंही काम करू नये. फक्त विश्रांती आणि मनोरंजन. मनोरंजनाची व्यवस्था बाईंनी जातीने पाहिली. पहिल्याच आठवड्यात 'समुद्राचे सौंदर्य' ह्या विषयावर चित्रं दाखवून व्याख्यान झालं. ज्यांना दीड महिना दुसरं काही दिसलं नव्हतं ती माणसं पहिल्या चित्रालाच झोपली. माना खाली गेलेल्या पाहून बाई म्हणाल्या, "बघा, किती भारावून गेलेत!" आणि दर रविवारी फुकट नौकाविहार. एका जहाजाचे लोक केवळ भिडेखातर बसले. त्यांतल्या दोघांना ओकाऱ्या झाल्या.

नाचासाठी बायका हव्यात, पण भानगडी नकोत. म्हणून बाईंनी नियम केला की नाचायला येणारी बाई पन्नाशीच्या पुढची पाहिजे. झालं! तिथे चहा मिळायचा, साखर घातलेला, आणि साखर तेव्हा दुकानातून गायब होती. जन्मात पहिल्यांदा आमच्या गावच्या बायका वय वाढवून सांगायला लागल्या. मी पंचेचाळीसची. कानशिलावर थोडं पीठ चोळलं आणि एकावन्न सांगितलं.

"तू एकावन्नची?" हे म्हणाले. "मग मी पन्नासचा कसा?"

"तुम्हाला काय होतंय? लोक म्हणतील बिचाऱ्याने मोठ्या मनाने मोठी बायको केली."

वन्संना पीठ लागलं नाही. मी त्यांना ओढूनच नेलं. नाच म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्या फरशीवर कुणालाच ते ठाऊक असून उपयोग नव्हता. वर्षानुवर्षं साबण मुरलेली फरशी. हवा जरा दमट झाली की माणसं उभी कमी आणि आडवी जास्त. वन्संनी मात्र तेलकट ताडपत्रीवर उभं राहून आयुष्य काढलेलं. त्या तिथे खांबासारख्या उभ्या राहत आणि घसरत येणाऱ्या खलाशाला दंडाला धरून सरळ करत. नाच कसला, जहाजं धक्क्याला लावत होत्या. पोरं रांग लावायची. "मावशी, मला धरा", "मावशी, आता मी!"

ह्या रांगेत कधीच नसलेला एक माणूस होता. पंचावन्नच्या आसपासचा, एका जहाजाच्या इंजिनखान्यात वाफेचा बंब सांभाळणारा. त्याच्या जहाजावरची पोरं त्याला 'बंबवाले काका' म्हणत. आपण बंबवाले म्हणू. इंजिनाच्या गडगडाटात कान बरेचसे गेलेले. आदल्या फेरीत त्यांच्या जहाजाजवळ सुरुंग फुटला होता आणि तेव्हापासून त्यांचे हात थरथरत. डॉक्टरांनी त्यांना जहाज दुरुस्त होईतो विश्रांती सांगितली होती. ते आरामखुर्चीत अशा तऱ्हेने बसत की जणू आतून दात काढायला हाक येणार आहे. हातातला कप बशीवर वाजत राही, टकटकटकटक.

वन्सं त्या आवाजाने हैराण झाल्या. मला म्हणाल्या, "वहिनी, त्या माणसाला विश्रांती बाधतेय गं."

त्याच सुमारास अंघोळीचं पाणी गार यायला लागलं. मागच्या खोलीत साबणवाल्यांचा जुना बंब होता, तोच पाणी तापवायचा. त्याच्या नळ्यांवरचं कापडी वेष्टण कुजलं होतं, सांधे सुटले होते आणि निम्मी वाफ हवेत जात होती. गावातला मिस्त्री लढाईवर. बाईंनी अर्ज केला, दुसरा अर्ज केला, आणि गार पाण्याने शरीर कणखर होतं असं एक व्याख्यान ठेवलं. बंबवाले भिंतीला तळहात लावून बसत. त्यांना ऐकू येत नसलं तरी भिंतीतून बंबाचं कण्हणं कळत असावं. ते उठून मागे जायला लागले की बाई ओरडत, "बसा! विश्रांती घ्या!" एवढं मात्र त्यांना स्पष्ट ऐकू येई. ते बसत. कप वाजत राही.

एका दुपारी मी पाहिलं तर खुर्ची रिकामी, आणि वन्संही जागेवर नाहीत. मी मागे गेले. बंबवाले गुडघ्यावर बसून पान्याने सांधा आवळत होते. शेजारी वन्सं, बाह्या वर, तळहाताला पट्टा, नळीभोवती नवं जाडं कापड गुंडाळून दाभणाने शिवत होत्या. मी बंबवाल्यांच्या हातांकडे बघितलं. दगडासारखे स्थिर.

"दार लाव," वन्सं म्हणाल्या, "आणि बाहेर कुणाला बोलू नकोस. काम करताना दिसले तर ह्यांचा इथला पास जाईल."

मी दार लावलं. पुढे चार-पाच दुपारी ती दोघं आतून कडी घालून बसत आणि मी नाचाच्या दालनात दोघींच्या वाटणीचे खलाशी सावरत असे. हळूहळू पाणी तापलं. कढयांमधून गाणी ऐकू यायला लागली, त्यांतली बरीचशी बाईंना कळली नाहीत हे बरं झालं. बाई म्हणाल्या, "पाहिलंत? तिसऱ्या अर्जाचा परिणाम!"

आणि ह्या परिणामाचं मूळ दाखवायला त्या एके दिवशी नौदलाच्या डॉक्टरांनाच घेऊन मागे गेल्या. पाठोपाठ आम्ही चार-सहा जणी. दार आतून बंद. आतून वन्संचा आवाज आला. बंबवाल्यांना ऐकू जावं म्हणून चांगला खणखणीत.

"अहो, जरा जोरात ओढा!"

मग नुसतं हुश्श हुश्श.

"सोडू नका! आता सोडलंत तर सगळं मुसळ केरात!"

डॉक्टर छताकडे बघायला लागले. बाईंचा चेहरा असा लाल की तिथे बंबाची गरज उरली नव्हती. त्यांनी दार धडाधडा वाजवलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. वाफेच्या लोटातून वन्सं बाहेर आल्या. केस सुटलेले, गाल तापलेले आणि खांद्यावर काजळीचा पाचही बोटं उमटलेला पंजा. मागे बंबवाले, अंगात फक्त बनियन.

वाचनालयात चौकशी बसली. विषय नाजूक. भोंगाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला, आणि नेमका तिथेच घोळ झाला.

"आपण," त्या बंबवाल्यांना कुजबुजत म्हणाल्या, "ह्या बाईंबरोबर आत... म्हणजे तसलं काही... होतं का?"

बंबवाल्यांना एक शब्द ऐकू गेला नाही. इंजिनखान्यात वरिष्ठाने काही विचारलं की होय म्हणून मान हलवायची, ही सवय. त्यांनी मान हलवली.

"किती दिवस चाललंय हे?"

त्यांना वाटलं, बंबाच्या कामात किती दिवस आहात असं विचारतायत. ताठ उभे राहून म्हणाले, "एकवीस वर्षं, बाईसाहेब!"

बाईंना पाणी द्यावं लागलं. एकवीस वर्षं! माझ्या शेजारची बेकरीवालीण मला चिमटा काढून म्हणाली, "आणि आम्हाला पत्ता नाही!"

डॉक्टर मात्र खोकून पुढे झाले. ते वन्संना सरळ म्हणाले, "बाई, खरं सांगा. ते आत काम करत होते का? तसं असेल तर माझा नाइलाज आहे. इथला पास रद्द करून मला त्यांना इस्पितळात पाठवावं लागेल. दोन-तीन महिने सक्तीची विश्रांती. पलंगावरून उठायचं नाही."

वन्संनी बंबवाल्यांकडे पाहिलं. ते बनियनवर उभे, हात पुन्हा थरथरायला लागलेले, आणि चेहऱ्यावर शाळेत पहिल्या आलेल्या मुलाचा भाव, की आपण सगळी उत्तरं बरोबर दिली. मला वाटलं, आता वन्सं खांद्यावरचा डाग पुसतील आणि सगळं सांगतील. सांगितलं असतं तर त्यांची अब्रू जागच्या जागी राहिली असती.

"काम कसलं?" वन्सं म्हणाल्या. "मनोरंजन करत होतो. त्यासाठीच आहे ना हे ठिकाण?"

घरी जाताना वन्सं ताठ चालत होत्या आणि मी मागून दोनदा भिंत धरून हसले. बातमी आमच्या आधी पोचली होती. हे दारातच.

"नाक कापलंस तू आमचं!"

"बाळ," वन्सं म्हणाल्या, "देवाने तुला एवढं मोठं दिलंय, थोडं कापलं तर कळायचंही नाही."

त्यांचं विश्रांतिगृहात जाणं बंद झालं. दुकान मात्र असं चाललं की विचारू नका. वीतभर दोरी घ्यायला माणसं सहकुटुंब येऊ लागली. खलाशी दुकानावरून जाताना सलाम ठोकायचे. वन्सं मान खाली घालून शिवायच्या, पण केस रोज नीट विंचरायला लागल्या होत्या, तेवढं माझ्या नजरेतून सुटलं नाही.

तिसऱ्या दिवशी बंबवाले दुकानात आले. टोपी हातात. बहिऱ्या माणसांना आपला आवाज कळत नाही, तसे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "बाई! पोरं माझी पाठ थोपटतायत! त्या दिवशी मी कशाकशाला हो म्हणालो?"

"आपलं प्रेमप्रकरण आहे म्हणालात," वन्सं म्हणाल्या.

"काय आहे?"

"प्रेमप्रकरण!"

"काय?"

"प्रे-म-प्र-क-र-ण!"

समोर बेकरीवाला पाव हातात घेऊन बाहेर आला. वरच्या खिडक्या उघडल्या. आमचे हे ताडपत्रीच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसले. बंबवाल्यांनी हातातली टोपी ताडपत्रीवर ठेवली.

"मग," ते म्हणाले, "आहे का?"

वन्संचा हात थांबला. तसा तो थांबलेला मी वीस वर्षांत पाहिला नव्हता.

"मला काय माहीत!" त्या ओरडल्या. "मला कुठे अनुभव आहे?"

"मलाही नाही. जहाज परवा निघतंय."

"मग उभे काय राहिलात? बसा. ही कड धरा."

ते बसले आणि संध्याकाळपर्यंत ताडपत्रीची कड धरून राहिले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी जहाज गेलं.

मग नुसते दिवस. त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वन्सं शिवत होत्या, टाके नेहमीपेक्षा बारीक. रोज जहाजं येत होती, ती दुसरीच. एकदा जेवताना मी काहीतरी धीराचं बोलायला गेले तर म्हणाल्या, "वहिनी, तू थट्टाच करत जा. हे तुला जमत नाही."

एके सकाळी दुसऱ्या जहाजाने ओढत त्यांचं जहाज आणलं. मागचा भाग जवळजवळ नव्हताच. सुरुंगाने खाल्ला होता. आम्ही दोघी धक्क्यावर गेलो. आधी जखमी उतरवले. मग झाकलेले. झाकायला ताडपत्री आमच्याच दुकानची होती. वन्संनी शिवण ओळखली आणि तोंड फिरवलं. "मावशी, मला धरा" म्हणणाऱ्यांपैकी दोघे त्याखाली होते हे आम्हाला नंतर कळलं. सगळे उतरले तरी बंबवाल्यांचा पत्ता नाही. वन्सं एका पोराच्या छातीवरचा सदरा धरून म्हणाल्या, "कुठे आहे तो?"

"काका खाली आहेत, मावशी. बंब थंड झाल्याशिवाय सोडत नाहीत. नाहीतर फुटेल म्हणतात."

"मेला बहिरा कुठला!" वन्सं म्हणाल्या आणि तिथेच दोराच्या वेटोळ्यावर बसून रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. शिवण्यासारखंच रडल्या, मन लावून.

तासाभराने बंबवाले वर आले. भुवया जळलेल्या, आणि उरलासुरला कानही गेलेला. डॉक्टर तिथेच होते. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "ह्यांची समुद्रावरची नोकरी संपली. आता मात्र इस्पितळ."

"विश्रांतिगृहाचं पाणी पुन्हा गार येतंय," वन्सं एकदम म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "बाई, त्या दिवशी त्यांच्या पाठच्या खिशात पाना होता. मी तेव्हाच पाहिला होता." थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही इतक्या झोकात खोटं बोललात, की मोडवेना."

इस्पितळात त्यांना आठच दिवस ठेवलं, भाजल्यापुरतं. मग विश्रांतिगृहातल्या बंबखान्याची नोकरी दिली, आणि बाईंना डॉक्टरांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, बाई स्वतः दुकानात येऊन वन्संना म्हणाल्या, की नळ्यांच्या वेष्टणासाठी कायमच्या माणसाची गरज आहे. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. बंबखान्यावर बंबवाल्यांना एक खोली मिळाली, खालून ऊब येणारी. वन्सं आपली पेटी उचलून तिथे राहायला गेल्या. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणत, "सवड झाली की बघू." भोंगाबाईंनी तेवढ्यावर साखरपुडा झाला असं परस्पर जाहीर करून टाकलं. नाहीतर विश्रांतिगृहाचं अध्यक्षपद सोडावं लागलं असतं.

ह्यांना मात्र ते सहन होईना. "एका घरात, लग्नाशिवाय! आत्ता जातो आणि घेऊन येतो." कोट चढवला, टोपी घातली आणि तावातावाने गेले. दुपार झाली, तरी पत्ता नाही. जेवण गार झालं. मला काळजी वाटायला लागली, की वन्संनी दाभण तर नाही ना काढलं.

दिवस कलता कलता आले. गुलाबी झालेले. टकलापासून नखापर्यंत गुलाबी. टोपी उलटी आणि अंगाला साबणाचा वास.

"काय झालं? काय म्हणाल्या वन्सं?"

"म्हणाली, बाळ, आधी अंघोळ कर, मग भांड."

"आणि?"

"तिघे खलाशी होते कढईत. चौथी जागा रिकामी होती." ते खुर्चीत बसले, पाय लांब केले. "फार चांगली पोरं आहेत गं. एकाने पाठ चोळून दिली."

"अहो, पण भांडण?"

"भांडणाला पाणी फार कढत होतं," हे म्हणाले आणि डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "त्या बहिऱ्याचा हात बसलाय गं बंबावर. माझा जाड पंचा कुठे ठेवलायस? शुक्रवारी पुन्हा जाऊन समजावतो तिला."